तीन फूट सात इंच

वास्तुशास्त्राची पदविका हातात पडली तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, आता शिक्षण संपलं. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं. पण पदविकेच्या वरची एक परीक्षा होती. ती विलायतेतल्या एका संस्थेची, तिची केंद्रं इकडेही असत, आणि ती पास होणारा माणूस सरकारी बांधकाम खात्यात साहेबांच्या बरोबरीने बसू शकतो असं आम्ही विद्यार्थी एकमेकांना सांगत असू. मी तिला बसलो आणि पहिल्या खेपेला नापास झालो.

लेखी पेपर ठीक गेले होते. अडलं ते प्रबंधावर. प्रबंधासोबत एखादी जुनी इमारत स्वतः मापून तिचे नकाशे जोडावे लागत. मी मुंबईतली एक मोठी सार्वजनिक इमारत घेतली होती, आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त मापं आधीच्या लोकांच्या नकाशांवरून उचलली होती. आमचे प्रोफेसर इंग्रज, उंच आणि कमी बोलणारे. निकालानंतर त्यांनी मला खोलीत बोलावलं. रागावले नाहीत. तुझे नकाशे सुंदर आहेत, पण त्यात तू कुठे नाहीस, एवढंच म्हणाले. मग विचारलं, घर कुठलं? मी म्हटलं, रत्नागिरी. तिथे कोणी कधी न मापलेलं एखादं घर असेल की, ते माप आणि पुढच्या वर्षी घेऊन ये, असं सांगून त्यांनी पुन्हा आपल्या कागदांत डोकं घातलं.

ही एकोणीसशे तीसनंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा पंचविशीत होतो. दिवाळीनंतरच्या आगबोटीने रत्नागिरीला आलो ते नापासाचं तोंड घेऊन. वडील शाळामास्तर; त्यांनी स्वागताला काही म्हटलं नाही आणि मला तेच जास्त लागलं. नापास झालेली मुलं त्यांनी जन्मभर पाहिली होती, आणि त्यांच्याशी ते असंच वागत.

घर कोणतं मापायचं हे ठरवायला मला फार दिवस लागले नाहीत. खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यात एका जुन्या नाखव्याचं घर होतं. त्याच्या आजोबांची गलबतं मलबारपासून अरबस्तानापर्यंत जात. त्यांनीच ते घर बांधलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मलबारी सागाचे खांब, वर माडी, आणि समुद्राकडे पाठ. मुंबईत शिकलेलं सगळं घेऊन मी त्या घरासमोर उभा राहिलो, तेव्हा त्यातलं फारसं काही उपयोगाचं नाही हे माझ्या लक्षात आलं.

नाखवा साठीचा होता. वडिलांनी त्याच्या दोन मुलांना शिकवलं होतं, त्यामुळे त्याने मला हवं तेव्हा यायची मोकळीक दिली. सबंध थंडीभर मी पुढची पडवी, दिवाणखाना, मालाच्या खोल्या आणि माडीचा पुढचा भाग मापला. नाखवा खुर्ची टाकून बसे आणि फितीचं दुसरं टोक धरे. एक दिवस मी मधल्या दारापाशी आलो आणि थांबलो. दारावर पडदा होता. त्यापलीकडे बायकांचा राहता भाग.

नाखवा म्हणाला, "निम्मं घर तू मापलंस. उरलेलं निम्मंही माझंच आहे, पण ते उघडून दाखवायचा अधिकार माझा नाही. माझ्या आईचा आहे."

त्याची आई ऐंशीच्या आसपासची. सगळा मोहल्ला तिला दादी म्हणे. नाखव्याने आत जाऊन विचारलं आणि निरोप आणला, पुरुष येणार नाही, पण मापायचंच असेल तर एखादी बाई पाठव.

मी घरी येऊन हे जेवताना सांगितलं ते केवळ तक्रार म्हणून. निम्म्या घराचे नकाशे परीक्षक घेणार नाहीत, दुसरं घर शोधायला हवं, आणि दिवस निघून चालले आहेत, असं माझं चाललं होतं. तेव्हा वाढता वाढता माझी बहीण म्हणाली, "मी जाते. फीतच धरायची ना?"

अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. शाळा चौथीपर्यंत झालेली. घरात शिवणाचं यंत्र होतं, त्यावर ती आळीतल्या बायकांच्या चोळ्या शिवून देई, आणि तिने बेतलेली चोळी परत उसवावी लागत नाही असा तिचा लौकिक होता. तरी मी हसलो. चोळी आणि इमारत यांत फरक आहे, असं काहीतरी बोललो असेन.

आईने मात्र ताट तिथेच ठेवलं. विधवा मुलगी, ब्राह्मणाची, आणि मोहल्ल्यात कुणाच्या घरात आतपर्यंत जाणार. लोक काय म्हणतील हे तिने एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. वडील शांतपणे जेवत होते. हात धुवायला उठताना म्हणाले, "ती मापायला जाते आहे. मीसुद्धा त्यांच्या मुलांना शिकवायला जात होतोच." त्यानंतर आईने विरोध केला नाही, पण रोज परत आल्यावर अक्काला परसात आंघोळ करायला लावी, आणि अक्का मुकाट्याने करी.

तिला शिकवायला मला चार दिवस लागतील असं वाटलं होतं. दोन दिवसांत झालं. आमच्याच माजघरात तिला दाखवलं, फीत सैल सोडायची नाही, माप आरंभापासून सलग घ्यायचं, तुकड्यातुकड्याने नाही. आणि मुख्य म्हणजे खोली चौकोनी दिसली तरी ती चौकोनी आहे असं धरायचं नाही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपं मापही घ्यायचं. हे सांगायला मी कागदावर आकृती काढू लागलो तर ती म्हणाली, ते ठाऊक आहे, पाठीचा बेत तसाच घेतात, एक खांदा नेहमी उतरता असतो.

फाल्गुनात ती जाऊ लागली. सकाळचं आवरून निघे, दुपारी परत येई. मी तिला पडद्यापर्यंत पोचवून पुढच्या भागात माझं काम करत बसे. आतून फितीचा सरसर आवाज येई, मुलींचं हसणं, मधूनच दादीचा खणखणीत आवाज. मी न पाहिलेलं घर अक्काच्या वहीतून रोज थोडं थोडं माझ्यापुढे येऊ लागलं. धान्याची खोली, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. प्रत्येक खोलीची चार मापं, दोन तिरपी, दारं-खिडक्या किती आणि जमिनीपासून किती उंच. मी न विचारलेलंही ती लिही. एका दाराच्या शेजारी तिने लिहिलं होतं, उंबरा झिजलेला, मधे पाऊण इंच.

बारा दिवसांत तिचं काम संपलं. मी सगळं एकत्र मांडायला घेतलं, त्यात चैत्र गेला, आणि तिथे घोटाळा झाला.

घराची पूर्व-पश्चिम लांबी मी बाहेरून स्वतः मापली होती. ती चौऱ्याहत्तर फूट. आतल्या सगळ्या खोल्या आणि सगळ्या भिंतींची जाडी धरून बेरीज केली तर सत्तर फूट पाच इंच होत होती. तीन फूट सात इंच कुठेतरी नाहीसे झाले होते. मी बेरीज पुन्हा केली. बाहेरचं माप पुन्हा घेऊन आलो. माझ्या मापात चूक नव्हती. म्हणजे ती अक्काच्या मापात होती.

मी तिला तसं सांगितलं. तिने वही घेतली, पानं उलटून पाहिली आणि म्हणाली, "माझं चुकलेलं नाही."

तरी ती दुसऱ्या दिवशी गेली, पश्चिमेच्या तिन्ही खोल्या पुन्हा मापून आली. आकडे तेच. इंचाचाही फरक नाही.

तोवर वैशाख अर्धा गेला होता. गावात आगोटीची, पावसाआधीच्या बेगमीची, लगबग सुरू झाली होती. घरं शाकारणं, लाकडं भरणं, आंबे उतरवणं. पावसाआधीची शेवटची आगबोट सुटायला बारा दिवस होते. ती चुकली तर घाटावरून मोटारीने कोल्हापूर गाठून पुढे रेल्वे. त्यात नकाशांची काय दशा होईल ते वेगळंच, आणि तोंडी परीक्षेचा दिवस तर ठरलेला. मी पुन्हा एकदा नापास होणार, असं मनाने घेतलं.

मग मी ते केलं जे मुंबईत केलं होतं. तीन फूट सात इंच म्हणजे त्रेचाळीस इंच. ते मी पश्चिमेकडच्या खोल्यांत वाटून टाकले. इकडे चौदा, तिकडे सोळा, उरलेले भिंतींत. परीक्षक काही रत्नागिरीला येऊन मापणार नव्हते. पेन्सिलने आखून झालं, शाई भरायला घेणार, एवढ्यात अक्का चहा घेऊन आली. आखणीच्या फळ्यावरचा नकाशा तिने वाकून पाहिला. तिला नकाशा वाचता येतो हे मला तोवर नीटसं माहीत नव्हतं. धान्याच्या खोलीवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही मी मापलेली खोली नाही."

मी वेळेचं कारण सांगितलं. ती चहा ठेवून गेली. मला स्वतःची शरम वाटली, आणि शरम वाटूनही मी अर्ध्या नकाशावर शाई भरली, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला न सांगता एकटीच मोहल्ल्यात गेली. दुपार झाली तरी आली नाही. आई दारापर्यंत जाऊन पाहून येऊ लागली. अखेर ती आली तेव्हा तिच्या पांढऱ्या लुगड्याला आणि कोपरांना काजळी लागलेली होती, आणि ती हसत होती. अक्काला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आंघोळीलाही न जाता तिने मला वही दिली. वहीत लिहिलं होतं: आतली भिंत एक फूट चार इंच. मधली जागा दोन फूट तीन इंच. मी मनातल्या मनात बेरीज केली. तीन फूट सात इंच.

झालं होतं असं. तिने सरळ दादीसमोर बसून विचारलं होतं, तुमच्या घरात साडेतीन फूट जागा मला सापडत नाही, ती कुठे आहे? दादी आधी खूप हसली. मग तिने सुनांना धान्याच्या खोलीतली गाद्यांची चळत हलवायला लावली. मागे एक बुटकं दार होतं. दार उघडलं तर आत एक अरुंद बोळ, घराच्या पश्चिम टोकाला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेलेला. पश्चिमेची भिंत एक नव्हतीच, दोन होत्या. त्या भिंतीला खिडकी नसल्याने तिची जाडी मापता आली नव्हती, आणि ती इतर भिंतींएवढीच असेल असं मी धरून चाललो होतो. चूक माझीच होती.

आणि तो बोळ कशासाठी हेही दादीने सांगितलं. कोकणातला पाऊस पश्चिमेकडून येतो आणि भिंतीवर मारा करतो. जांभा पाणी पितो, चार महिने आतल्या भिंती ओल्या राहतात. दादीच्या सासऱ्याने गलबतं बांधलेली. त्याने बाहेरची भिंत पावसाला देऊन टाकली आणि आत दुसरी उभी केली. बोळाच्या एका टोकाला न्हाणीघराची चूल होती. तिची ऊब आणि धूर बोळातून जाऊन दुसऱ्या टोकाला वर कौलाखाली निघे. पावसाळ्यात बायका त्या बोळात दोऱ्या बांधून कपडे वाळवत, तान्ह्या मुलांची दुपटी, लाकडं, सुकी मासळी सगळं तिथेच. उन्हाळ्यात त्याचं काम नसे, म्हणून दारापुढे गाद्या रचलेल्या. बोळ पुरा मापायचा म्हणून अक्का कंदील घेऊन, अंग चोरून टोकापर्यंत जाऊन आली होती.

मी धावतच नाखव्याकडे गेलो. त्याला सगळं सांगितलं. लहानपणी त्या बोळात लपल्याचं त्याला अंधुक आठवत होतं, पण तो बंद झाला असेल अशीच त्याची समजूत होती. "माझ्या अंगावर पावसाळ्यात कोरडा सदरा कुठून येतो, हे मी कधी विचारलंच नाही," तो म्हणाला.

मनावरचं केवढं ओझं उतरलं ते सांगता यायचं नाही. शाई भरलेला नकाशा मी फाडला. उरलेल्या दिवसांत मागच्या भागाचे चार नकाशे नव्याने केले आणि प्रबंधाचा शेवटचा भाग पूर्ण बदलला. आता मला लिहायला खरंच काहीतरी होतं. अक्का शेजारी बसून आकडे वाचून दाखवी. कुठे मी घाईत चुकीची रेघ मारली तर ती नुसती थांबे, पुढचा आकडा वाचत नसे.

शेवटच्या आगबोटीच्या दिवशी समुद्र खवळायला लागला होता. आगबोट लांब उभी राही, तिथवर होडीने जावं लागे. नकाशांची पत्र्याची नळी मी मेणाने बंद करून पाठीला बांधली होती. नाखवा बंदरावर आला, होडीवरच्या माणसांना त्याने दोन शब्द सुनावले आणि मला सर्वांत कोरड्या जागी बसवलं. नळी कोरडी मुंबईला पोचली.

मुंबईत नकाशे देताना एक छापील कागद भरून द्यावा लागे. सर्व मापे उमेदवाराने स्वतः घेतलेली आहेत, अशा अर्थाचं त्यात एक वाक्य होतं. मागे रांग होती. मी सही केली. सही करताना पेन थोडं अडलं, पण केली.

तोंडी परीक्षेला दोन परीक्षक होते, एक आमचे प्रोफेसर आणि दुसरे एक वयस्कर पारशी गृहस्थ. पारशी गृहस्थांनी पश्चिमेच्या दुहेरी भिंतीवर पेन्सिल टेकवली आणि ही आखणीतली चूक तर नाही ना, असं विचारलं. मी बोळाबद्दल सांगितलं. पाऊस, चूल, धूर, कपडे. दोघंही पुढे सरकून ऐकू लागले. धुराचा मार्ग त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावला. मग पारशी गृहस्थांनी सहजच विचारलं, हा बोळ मापताना तुला त्यात वळता आलं का?

मी हो म्हणालो असतो तर विषय तिथे संपला असता. पण मी त्या बोळात कधी गेलोच नव्हतो. तो मी आजपर्यंत पाहिलेला नाही.

मी म्हटलं, "साहेब, हा भाग मी मापलेला नाही. तिथे पुरुषांना जाता येत नाही. मागचं सगळं घर माझ्या बहिणीने मापलं आहे. मी त्या कागदावर खोटी सही केली."

प्रोफेसरांनी तो छापील कागद शोधून काढला, वाचला आणि बाजूला ठेवला. बहीण काय शिकली आहे, असं पारशी गृहस्थांनी विचारलं. मी सांगितलं, चौथी, आणि शिवणकाम. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. निकाल कळवू, असं सांगून मला जायला सांगितलं. जिना उतरताना मला वाटलं, बहुतेक आपण बुडालो. तरी गंमत अशी की पाय हलके वाटत होते. खाली येऊन मी एका इराण्याकडे पोटभर खाल्लं.

घाटातून मजल दरमजल करत मी घरी परतलो. घरी सगळं सांगितलं, सहीचंसुद्धा. वडील इतकंच म्हणाले, नापास झालास तरी या खेपेला तुझ्यापाशी बोलायला मला अडचण पडणार नाही. अक्का मात्र बेचैन झाली. तिच्या जाण्यामुळेच माझं वर्ष बुडालं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि मी काही सांगितलं तरी तिला ते पटेना.

आषाढ गेला. निकालाचं पाकीट श्रावणात आलं, कडांना भिजलेलं. ते वडिलांनी फोडलं, कारण माझे हात ओले होते, निदान मी तसं म्हणालो. त्यांनी पत्र आधी स्वतःशी वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मी पास झालो होतो. खाली प्रोफेसरांच्या हातची एक ओळ होती की मागच्या भागाच्या चारही नकाशांवर मापं घेणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव घालून नव्या प्रती पाठवाव्यात, आणि तो छापील कागद नव्याने, खरा भरून द्यावा.

आई देवापुढे साखर ठेवायला गेली. अक्का चुलीपाशी होती, तिथेच भिंतीला टेकून बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. आपलं नाव इंग्रजीत कशाला, असं ती म्हणत राहिली. कोणतं नाव घालायचं, सासरचं की माहेरचं, हे मी तिलाच विचारलं. तिने संध्याकाळपर्यंत विचार केला. मग एका कागदावर स्वतःच्या हाताने, बालबोध अक्षरात, आपल्याला हवं ते नाव लिहून माझ्या फळ्यावर ठेवलं.

चार दिवसांनी पावसाने उघडीप दिली तेव्हा आम्ही दोघं नकाशांची एक प्रत घेऊन मोहल्ल्यात गेलो. नाखव्याने ती दिवाणखान्यात पसरली आणि आपल्या घरावर वरून नजर फिरवत बसला. थोड्या वेळाने आतून दादीचा निरोप आला, कागद इकडे पाठवा. अक्का तो घेऊन पडद्याआड गेली. कोणती खोली कोणती हे ती समजावून सांगत होती, आणि बायका एकमेकींना विचारत होत्या, माझी चूल कुठे, माझा पाळणा कुठे टांगला होता. दादीने न्हाणीघर चुकीच्या बाजूला आहे असं ठामपणे सांगितलं. अक्काने कागद फिरवून दाखवला असावा, कारण मग मोठा हशा झाला.

नाखव्याने माझ्यासाठी चहा मागवला. आम्ही दोघं बाहेर बसून, आतलं बोलणं ऐकत, तो सावकाश प्यायलो.